तडकलेली दाढ: जुनी कळ, वादाचं नाव

चावताना फारसं काही होत नाही, पण दाब सोडला की कळ मस्तकात जाते. एक्स-रेत काही दिसत नाही, कीडही नसते. तडा बहुधा दाढेच्या पुढून मागे, म्हणजे फिल्मला समांतर जातो, म्हणून तो तिच्यावर उमटत नाही.

१९५४ साली या कळेची नोंद दाढेचा उंचवटा (चावण्याच्या बाजूचं टोक) मोडण्याच्या नावाने झाली. १९६४ मध्ये एका अमेरिकी दंतवैद्याने ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हा शब्द वापरला आणि तो रुळला. खरा घोळ तिथून सुरू झाला. सिंड्रोम म्हणजे ठरावीक लक्षणांचा संच. इथे मात्र एकाला चावताना कळ येते, दुसऱ्याला फक्त थंड झोंबतं, तिसऱ्याच्या दाढेला तडा असूनही काहीच जाणवत नाही. पुढे मूळनलिका-तज्ज्ञांनी (रूट कॅनल करणाऱ्यांनी) पाच प्रकार वेगळे केले: इनॅमलवरची, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणावरची रेघ, उंचवट्याचा तुकडा, तडकलेला दात, दुभंगलेला दात आणि मुळाची उभी चीर. पहिल्याला बहुधा काही करावं लागत नाही. शेवटच्या दोहोंत बहुतेकदा दात किंवा निदान एखादं मूळ काढावं लागतं. खुर्चीतल्या माणसाला मात्र पाचही वेळा ‘तडा गेलाय’ एवढंच ऐकू येतं आणि नुसत्या रेघेपायीही तो कॅपला मान डोलावतो. सिंड्रोम हा शब्द तेव्हाच टाकून द्यायला हवा होता, असं मला वाटतं.

दाढा कमकुवत होण्यात उपचारांचाही हात होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असा दंडक पडला की कीड परतू नये म्हणून शेजारच्या निरोगी खाचाही कोरून घ्याव्यात. त्यात चांदी भरली जाई आणि दाढेच्या भिंती पातळ होत. दोष चांदीला दिला जातो. खड्डा किती रुंद कोरला, हे आधी विचारायला हवं. १९५५ मध्ये आम्लाने इनॅमल खरखरीत करून त्यावर राळ (रेझिन) चिकटवण्याची वाट सापडली, तेव्हा इतकं कोरण्याची गरज हळूहळू ओसरली.

इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाडासारखा हा तडा सांधत नाही. उपचार म्हणजे फक्त बांधून ठेवणं. दाढेभोवती स्टीलचा पट्टा बसवायचा, कळ थांबली तर निदान पक्कं, मग कॅप. रूट कॅनल आधीच करावं की आतली नस शांत होते का ते पाहावं, यावर मतं अजून वेगळी आहेत. मी थांबणाऱ्यांच्या बाजूचा.

कोविडकाळात विषय पुन्हा वर आला. २०२१ च्या एका अमेरिकी पाहणीत निम्म्याहून जास्त दंतवैद्यांनी तडकलेले दात वाढल्याचं सांगितलं. ताणामुळे झोपेत दात खाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि रात्री दातांवर बसवायच्या गार्डची चर्चा वाढली. गार्ड दात खाणं थांबवत नाही, फक्त भार वाटून घेतो. आपल्याकडे सुपारीचा धोका वेगळाच: अडकित्त्यात ती बिजागरीजवळ धरतात तशीच तोंडातही मागच्या दाढेखाली जाते, आणि जबड्याचा जोर तिथेच सर्वात जास्त असतो.