इंग्रजीतले गुंड: व्हिलन, हूलिगन, थग वगैरे शब्दांची उत्पत्ती

इंग्रजीत दांडगट, मवाली, टवाळ माणसांसाठी शब्दांची कमी नाही, पण त्यांचं मूळ शोधत गेलं की गंमत दिसते, ती म्हणजे यातले बरेच शब्द सुरुवातीला शिव्या नव्हतेच. कुठे शेतकरी, कुठे नोकर, कुठे परका माणूस, आणि नाव ठेवणारे मात्र बहुतेक वेळा वाड्यातले नाहीतर शहरातले.

व्हिलनच घ्या. लॅटिनमध्ये 'विला' म्हणजे गावाकडची जमीनजुमल्यासकट हवेली, तिथे राबणारा तो 'विलानस'. म्हणजे आपला कूळ किंवा गडी म्हणा. तो आधी अडाणी ठरला, मग नीच, मग बदमाश आणि शेवटी थेट सिनेमातला खलनायक. आपण हसायचं काही कारण नाही, 'गावंढळ' आणि 'ग्राम्य' हे शब्द आपणही याच रस्त्याने आणलेत, फक्त आपला गावंढळ अजून खून करत नाही एवढंच. बूर म्हणजे असभ्य माणूस, हा शब्द डच 'बूर'शी जोडलेला, अर्थ शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध ज्यांच्याशी झालं ते बोअर म्हणजे हेच शेतकरी. चर्ल म्हणजे उद्धट, खडूस माणूस, पण जुन्या इंग्रजीत हा 'चेओर्ल' साधा स्वतंत्र माणूस होता, गुलाम नाही आणि सरदारही नाही. चार्ल्स हे नाव पण त्याच कुळातलं, म्हणजे एक भाऊ शिवी झाला आणि दुसरा इंग्लंडच्या गादीवर बसला!

नेव्ह म्हणजे लबाड, मूळ अर्थ पोरगा, मग नोकर पोऱ्या. पत्त्यातला गुलाम तो हाच. आणि हल्लीचा यॉब, म्हणजे रस्त्यावर धिंगाणा घालणारा पोरगा, तो तर चक्क 'बॉय' उलटा वाचून झालाय, एकोणिसाव्या शतकात लंडनच्या फेरीवाल्यांमध्ये शब्द उलटे करून बोलायची पद्धत होती त्यातून.

व्हँडल हे जर्मानिक टोळीचं नाव. त्यांनी गायसेरिक राजाच्या हाताखाली 455 मध्ये रोम लुटलं. त्याआधी 410 मध्ये व्हिसिगॉथांनीही लुटलं होतं, पण बदनामी व्हँडल्सच्या वाट्याला जास्त आली, आणि 'व्हँडलिझम' हा शब्द चालू केला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, 1794 मध्ये आबे ग्रेग्वार या पाद्रींनी, कलाकृतींची मोडतोड थांबवा म्हणून सांगताना.

हूलिगन हे बहुतेक आयरिश आडनाव. 1898 च्या उन्हाळ्यात लंडनच्या पेपरांत हा शब्द अचानक सगळीकडे दिसायला लागला. लॅम्बेथ भागात पॅट्रिक हूलिगन नावाचा दांडगा होता असं सांगतात पण ती कथा फार पक्की नाही. (गुंड हे आपल्याकडे आडनावही आहे, ते लोक काय म्हणत असतील कुणास ठाऊक.) पुढे शब्द रशियनमध्ये गेला आणि सोव्हिएत कायद्यात 'खुलिगानपणा' हा गुन्हाच झाला. इंग्लंडमध्ये तो फुटबॉलला चिकटला. 1985 मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर इंग्लिश प्रेक्षकांच्या दंगलीत 39 माणसं मेली आणि इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांमधून 5 वर्षं बाहेर बसवलं.

बँडिट इटालियन 'बांदितो' वरून, म्हणजे दवंडी पिटून हद्दीबाहेर काढलेला. आपला तडीपार, दुसरं काय! रफियनचा 'रफ'शी मुळात संबंध नाही, तो इटालियन 'रुफ्फियानो', म्हणजे भडवा.

आता आपला माल, थग. हिंदी-मराठीतला ठग, त्याच्या मागे संस्कृत 'स्थग्', म्हणजे झाकणे, लपवणे. इंग्रजांनी रोमन लिपीत 'ठ' लिहिला तो त्यांच्याच लोकांनी 'थ' वाचला. वाटसरूंशी गोड बोलून ओळख वाढवायची आणि मग रुमालाने गळा आवळायचा अशा टोळ्यांविरुद्ध विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने 1830 च्या दशकात मोहीम चालवली. ठग म्हणजे कालीपूजकांचा गुप्त पंथच होता हे चित्र कंपनी सरकारच्या कागदपत्रांनी फुगवलं असं बरेच इतिहासकार म्हणतात. 1839 मध्ये मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी आली आणि शब्द विलायतेत घरोघरी गेला. हा टेलर निजामाच्या नोकरीत होता, पुढे नळदुर्गला कारभार बघायचा. टोळ्यांविरुद्धच्या अशाच विचारातून पुढे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला, त्यात अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या, तो शिक्का कायद्याने पुसायला 1952 उजाडलं.

मराठीत ठग अजून फसवणाराच आहे, 'दुकानदाराने ठगवलं' म्हणतो आपण, 'ठकास महाठक' म्हणतो. इंग्रजीत मात्र लबाडी गळून गेली आणि नुसती दांडगाई उरली. अमेरिकेत टुपाक शकूर या रॅप गायकाने 'थग लाइफ' पोटावर गोंदवून घेतलं, आणि तेच मीम होऊन आता आपल्या व्हॉट्सॅपवर येतं, घरचाच शब्द पाहुणा होऊन आल्यासारखा.

डकॉइट हाही इकडचाच, डकैत. पण त्याला कायद्याने आकडा दिलाय. 1860 च्या दंड संहितेपासून आजच्या न्याय संहितेपर्यंत किमान 5 जण असले तरच दरोडा, चौघांनी लुटलं तर ती नुसती जबरी चोरी.