चालणाऱ्या राजासाठी रचलेले स्तोत्र

इंग्लंडचा राजा राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पश्चिम दारातून आत येतो तेव्हा जे गायले जाते, ते बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १२२वे स्तोत्र मुळात जेरुसलेमच्या मंदिराकडे निघालेल्या यात्रेकरूंचे आहे. १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात ते प्रवेशाच्या वेळी गायले गेले. पुढे १७६१ मध्ये विल्यम बॉइस आणि १८२१ मध्ये टॉमस ॲटवुड यांनी त्याला संगीत दिले. आज मात्र 'आय वॉज ग्लॅड' (या स्तोत्राचे इंग्रजीतील आरंभीचे शब्द) म्हटले की आठवते ती इंग्रज संगीतकार ह्युबर्ट पॅरी यांची रचना.

पॅरींनी ती सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी रचली. २६ जून १९०२ रोजी ठरलेला सोहळा राजाच्या शस्त्रक्रियेमुळे लांबला आणि ९ ऑगस्टला पार पडला. शब्द घेतले ते अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकातील, म्हणजे सोळाव्या शतकातील कव्हरडेल यांच्या भाषांतराचे. पण त्यातही बायबलमधील राजा दाविदाच्या घराण्याच्या न्यायासनांचा उल्लेख असलेली पाचवी ओवी आणि तिच्या आधीची चौथी गाळली गेली, ही गोष्ट सिंहासनाच्याच सोहळ्यात जरा गमतीची वाटते.

रचनेची खरी अडचण अशी की, ती किती वेळ चालावी हे राजाची पावले ठरवतात. मिरवणूक गाभाऱ्याच्या दिशेने सरकत असताना वेस्टमिन्स्टर शाळेच्या शिष्यवृत्तीधारक मुलांनी लॅटिनमध्ये 'विवात' (चिरायू होवो) असा जयघोष करायचा, हा त्यांचा जुना हक्क; पॅरींनी तो आरोळ्यांसारखा बाहेर न ठेवता रचनेच्या मध्यावरच गुंफला. त्यानंतर आवाज एकदम उतरतो आणि जेरुसलेमच्या शांतीची प्रार्थना हलक्या सुरात सुरू होते. १९०२ मध्ये संगीतसंचालक फ्रेडरिक ब्रिज यांचा अंदाज चुकला आणि राजा पोहोचण्याआधीच स्तोत्र संपले. तेव्हा ऑर्गनवर बसलेल्या वॉल्टर अल्कॉक यांनी ऐनवेळी सुचेल तसे वाजवून वेळ निभावून नेली आणि राजा आल्यावर उत्तरार्ध पुन्हा गायला गेला.

१९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी पॅरींनी आरंभीचे वादन नव्याने लिहिले, आणि तोच आरंभ आज सर्वत्र ऐकू येतो. १९३७, १९५३ आणि २०२३ च्या राज्याभिषेकांत हीच रचना होती. २०११ मध्ये राजपुत्र विल्यम यांच्या विवाहात वधू तिच्याच सुरांवर ॲबीत चालत आली. मैफलीत मात्र कोणी चालत येत नसल्यामुळे जयघोषाचा भाग बहुधा गाळला जातो, आणि दणदणाटातून गायकवृंद थेट शांतीच्या प्रार्थनेवर उतरतो.