अटोनल हा शब्द चिकटला कसा : व्हिएन्ना १९०८ आणि त्यापुढचं

युरोपातल्या आधुनिक कलेचा विषय निघाला की गाडी पॅरिसला जाते, क्युबिझम, १९१३ च्या मे महिन्यातला स्त्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' बॅलेचा गोंधळ, हे सगळं बऱ्याच जणांना माहितीय म्हणून सोडून देतो. मला व्हिएन्नाबद्दल लिहायचंय, कारण ज्या एका शब्दाने आधुनिक संगीताचं सगळ्यात जास्त नुकसान केलं तो अर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराच्या तिथल्या कामाला चिकटला. शब्द आहे 'अटोनल', एका ठरलेल्या 'सा'भोवती न फिरणाऱ्या संगीताला तो लावतात. मराठीत कोणी त्याचं 'बेसूर' करतं, कोणी 'सूरहीन', आणि दोन्ही चूक आहेत.

आपल्याकडे तानपुरा जुळला की सा ठरला, मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. तिकडे तानपुरा नाही, सा कुठला ते कॉर्ड्सच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) ओढीतून ऐकणाऱ्याच्या मनात उभं करावं लागतं आणि एकाच रचनेत तो बदलताही येतो. एकोणिसाव्या शतकात, वाग्नरच्या १८६५ च्या 'त्रिस्तान' या ऑपेरापासून तर नक्कीच, हे बदलणं इतकं वाढलं की बराच वेळ सा कुठेय हेच कळेना. शोनबर्गने पुढचं पाऊल टाकलं. तणावाचा कॉर्ड आला की त्याला विसाव्याच्या कॉर्डवर आणून सोडलंच पाहिजे हे बंधन त्याने काढलं. सूर तेच बारा, वाद्यं तीच, ती नीट जुळवलेली. बेसूर होण्याचा प्रश्नच येत नाही.

२१ डिसेंबर १९०८ ला त्याचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलं आणि लोक हसले, ओरडले. चार तंतुवाद्यांच्या रचनेत तिसऱ्या भागात एक गायिका येते, चौथ्या भागात ती दुसऱ्या ग्रहावरून येणाऱ्या हवेबद्दल गाते, आणि त्या भागाच्या सुरुवातीला की सिग्नेचर, म्हणजे सा कुठला ते सुचवणारी खूणच नाही. त्याच वर्षी त्याची बायको एका तरुण चित्रकाराबरोबर निघून गेली, मग परत आली, आणि नोव्हेंबरमध्ये त्या चित्रकाराने आत्महत्या केली, त्यामुळे हे संगीत त्या धक्क्यातून आलं असं खूपदा लिहिलं जातं. मला हे पटत नाही. नव्या वळणाची काही गाणी त्याने मार्चमध्येच लिहिली होती, घरातला स्फोट उन्हाळ्यातला.

चित्रकलेशी नातं मात्र खरंच होतं. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला त्याच्या रचनांची मैफल झाली, ती ऐकून चित्रकार कँडिन्स्कीने 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' रंगवलं, पिवळ्याचा केवढा तरी मोठा लोट आणि वर पियानोचा काळा आकार, आणि ओळख नसताना त्याला पत्र लिहिलं. शोनबर्ग स्वतः चित्रं काढायचा, ती त्या वर्षअखेरीस कँडिन्स्कीच्या गटाच्या प्रदर्शनात लागली. चित्रातून ओळखू येणारी वस्तू जाणं आणि संगीतातून सा जाणं एकाच वेळी घडत होतं आणि दोघांना ते कळत होतं.

१९१३ चं व्हिएन्ना बघा. २३ फेब्रुवारीला त्याची 'गुर्रे-लीडर' ही जुन्या शैलीतली, १९०० साली सुरू केलेली प्रचंड रचना वाजली, लोकांनी डोक्यावर घेतली, आणि तो फक्त वादकांना वाकून नमस्कार करून प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला. पाचच आठवड्यांनी, ३१ मार्चला, त्याच्या आणि त्याच्या शिष्यांच्या नव्या रचनांच्या वेळी मारामारी झाली, पोलीस आले, मैफल अर्धवट थांबली, प्रकरण कोर्टात गेलं. पुढे १९१८ मध्ये त्याने खाजगी मैफलींची संस्था काढली, तिथे समीक्षकांना प्रवेश नव्हता आणि टाळ्या वाजवायलाही बंदी होती. लोक याला गर्विष्ठपणा म्हणतात, पण ३१ मार्च ज्याने भोगलाय त्याने दुसरं काय करायचं?

आता शब्दाकडे. तो फिरवला विरोधकांनी, शिवी म्हणून. शोनबर्गने स्वतःच्या हार्मनीवरच्या पुस्तकात (पहिली आवृत्ती १९११) १९२२ च्या आवृत्तीत लांबलचक तळटीप टाकून तो नाकारला, म्हणणं असं की सुरांच्या नात्याला अटोनल म्हणणं म्हणजे रंगांच्या नात्याला वर्णपटाबाहेरचं म्हणण्यासारखं आहे, मी संगीतकार आहे, अटोनल गोष्टींशी माझा संबंध नाही, नाव द्यायचंच तर 'पॅनटोनल' (सगळ्या सुरांना धरणारं) द्या. गुंता इथे आहे की त्याच शहरात हाउअर नावाचा दुसरा संगीतकार तोच शब्द अभिमानाने वापरत होता, आणि बारा सुरांचा स्वतःचा नियम (बाराही सूर येऊन गेल्याशिवाय कुठलाही पुन्हा घ्यायचा नाही) त्याने १९१९ मध्येच मांडला होता, शोनबर्गची बारा सुरांची पद्धत त्यानंतर दोन-तीन वर्षांत आकाराला आली. पहिला कोण यावरून दोघांत कटुता आली. १९३० मध्ये बर्गने, शोनबर्गच्या शिष्याने, व्हिएन्ना रेडिओवर या एका शब्दावर अख्खं भाषण दिलं, हे नाव सैतानालाच सुचू शकतं इतक्या टोकाला जाऊन. उपयोग झाला नाही, शब्द राहिलाच.

आणि मग त्या शिवीचा आरोप झाला. १९२३ मध्येच शोनबर्गने कँडिन्स्कीशी संबंध तोडत आणले होते, कँडिन्स्की शिकवायचा त्या वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत ज्यूंविरुद्ध बोललं जातं असं कानावर आलं म्हणून. १९३३ मध्ये बर्लिनच्या अकादमीतली नोकरी गेली, जुलैमध्ये पॅरिसला जन्माने ज्यू असलेल्या त्याने पुन्हा ज्यू धर्म स्वीकारला, ऑक्टोबरअखेर अमेरिकेला पोचला. मे १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फला 'विकृत संगीत' नावाचं प्रदर्शन भरलं, तिथे अटोनल म्हणजे ज्यूंनी जर्मन संगीतावर केलेला हल्ला असं उघड मांडलं गेलं. 'यात सूर नाहीत' या वाक्याची ही वाट कुठे गेली ते ठाऊक असल्यामुळे तो शब्द सहज वापरला की मला त्रास होतो.

त्या पळापळीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. 'गुर्रे-लीडर' पहिल्यांदा कंडक्ट करणाऱ्या श्रेकरचा बर्लिनमधला विद्यार्थी वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आला, पुढे आकाशवाणीत काम केलं, आणि आकाशवाणीच्या त्या सकाळच्या सिग्नेचर ट्यूनचं श्रेय त्यालाच दिलं जातं, जिच्याखाली तानपुरा वाजतो.

युद्धानंतर पारडं उलटं फिरलं. १९४६ पासून जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या नव्या संगीताच्या उन्हाळी वर्गांमधून तरुणांनी बारा सुरांची पद्धत उचलली, काही ठिकाणी तर ती न वापरणारा मागासलेला ठरू लागला, जे शोनबर्गने कधीच मागितलं नव्हतं. अमेरिकेत तो स्वतः मधूनच सरळ सा असलेल्या रचना लिहायचा, १९३४ चा तंतुवाद्यांचा सूट उघडउघड जी मेजरमध्ये, म्हणजे जी हा सा धरून आहे. आणि ज्या १९०८ च्या क्वार्टेटवर सगळं सुरू झालं तेही शेवटपर्यंत ऐका, गायिका थांबते, वाद्यं हळूहळू उतरतात आणि शेवटचा कॉर्ड साधा, स्वच्छ एफ शार्प मेजरचा आहे.