बिटच्या दातांमागचा कोबाल्ट

बोअरच्या गाडीवरच्या साडेसहा इंची बिटचं, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाचं, तोंड जवळून पाहिलं, तर पोलादात दाबून बसवलेली करड्या रंगाची गोल बटणं दिसतात. खडकाशी खरी गाठ या बटणांची पडते. पोलादाने त्यांना धरून ठेवायचं आणि हॅमरचा ठोका त्यांच्यापर्यंत पोचवायचा, एवढंच. बटणं असतात टंगस्टन कार्बाईडची, आणि हा माल आज कितीही खाणीतला वाटला तरी तो जन्माला आला विजेच्या दिव्यांच्या धंद्यात.

1890 च्या दशकात आंरी मोआसाँ पॅरिसमध्ये विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होते. हिरे काही साधले नाहीत. भट्टीतल्या प्रयोगांतून टंगस्टन आणि कार्बनचं एक अतिशय कठीण संयुग मात्र हाती लागलं. पण नुसत्या कार्बाईडला एक टोला बसला की तुकडे. त्यामुळे पुढची पंचवीसेक वर्षं त्याचा कुणाला फारसा उपयोग सुचला नाही.

दिव्याच्या फिलामेंटसाठी टंगस्टनची बारीक तार ओढावी लागते, आणि त्यासाठी हिऱ्याच्या डाय, म्हणजे बारीक भोकाचे साचे, वापरत. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीला हा खर्च जड जात होता. बर्लिनमध्ये ओसराम या दिव्यांच्या कंपनीच्या संशोधन विभागातल्या कार्ल श्रोटर यांनी कार्बाईडच्या पुडीत कोबाल्ट, निकेल, लोखंड या गटातल्या धातूची थोडी पूड मिसळली, ती साच्यात दाबली आणि भट्टीत घातली. या पद्धतीचं पेटंट 1923 चं. तिघांत कोबाल्ट सरस ठरला. साधारण 1,400 अंश सेल्सिअसला तो थोडं कार्बाईड स्वतःत विरघळवून घेत पातळ होतो आणि कणाकणांमधल्या फटींत शिरतो. वडी प्रत्येक बाजूने जवळपास पाचवा-सहावा हिस्सा आकसते आणि आत पोकळी उरत नाही. मग ठोका बसला तर भेग कार्बाईडच्या कणातून निघते, पण कोबाल्टच्या थरात येऊन अडते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी गोष्ट ही आहे. कठीण पदार्थाची वानवा कधीच नव्हती. रोडॉल्फ लेशो यांनी ब्राझीलचे काळे हिरे बसवलेलं ड्रिल 1860 च्या दशकातच केलं होतं. अडत होतं ते कठीण कणांना एकत्र धरून ठेवण्यापाशी.

जर्मनीतल्या क्रुप कंपनीने श्रोटर यांच्या पद्धतीचे हक्क घेतले आणि 1927 च्या लाइपझिगच्या जत्रेत हा माल ‘विडिया’ नावाने मांडला. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात अजूनही या नावाने बिट मागतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने क्रुपशी संगनमत करून पौंडाला 50 डॉलरच्या आसपास असलेला भाव 450 च्या घरात नेला. त्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 1948 मध्ये कंपनीला दोषी ठरवलं, पण तोवर बहुतेक कमाई झालेली होती.

खडकात या मालाचा जम बसला तो स्वीडनमध्ये. तिथला ग्रॅनाइट पोलादी सळईचं टोक बघता बघता बोथट करी. मग ती सळई भट्टीत तापवायची, ठोकून टोक काढायचं, पाणी द्यायचं आणि परत खाणीत न्यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सँडविक या तिथल्या कंपनीने सळईच्या टोकाला कार्बाईडची पाचर झाळून बसवली, आणि पुढे अ‍ॅटलास कंपनीच्या हलक्या, एका माणसाने चालवायच्या यंत्राशी तिची जोडी जमली. ही ‘स्वीडिश पद्धत’ जगभर गेली. या दोन्ही कंपन्यांचे भारतातले कारखाने 1960 च्या सुमारास पुण्याजवळ दापोडीला आले.

तेलाच्या विहिरींत 1951 मध्ये ह्यूज कंपनीने फिरत्या शंकूंच्या बिटवर पोलादी दातांऐवजी कार्बाईडचे गोलसर दाणे बसवले. कारण होतं चर्ट, म्हणजे गारेसारखा खडक, जो पोलादी दात खाऊन टाकी.

महाराष्ट्रात हे तंत्र घरोघरी कळलं ते 1970 च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात. युनिसेफच्या मदतीने आलेल्या गाड्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या हॅमरने काळ्या पाषाणात भोकं पाडू लागल्या. एरवी ज्या विहिरीला सुरुंग लावत महिने घालवावे लागत, तिथे एक-दोन दिवसांत पाण्याचा निकाल लागायला लागला.

त्याच दशकात कोबाल्टचा दुसरा अवतार आला. जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा 1955 मध्ये जाहीर केला होता. आता हिऱ्याची पूड कार्बाईडच्या चकतीवर ठेवून प्रचंड दाबाखाली तापवली, की चकतीतलाच कोबाल्ट वर चढतो आणि हिऱ्याचे कण एकमेकांत जुळवतो. ही पीडीसी (पॉलिक्रिस्टलाइन डायमंड कॉम्पॅक्ट) चकती 1976 पासून बाजारात आली. पण जोडणारा कोबाल्टच इथे घात करतो: तापल्यावर तो हिऱ्यापेक्षा जास्त फुगतो, आणि साधारण 700 अंशांच्या पुढे हिऱ्याचं ग्रॅफाइट करायला मदत करतो. 2000 नंतर कारखाने चकतीच्या वरच्या पातळ थरातला कोबाल्ट आम्लाने धुऊन काढू लागले. त्यानंतर पीडीसी बऱ्याच कठीण खडकांतही टिकू लागली, आणि आज तेलविहिरींचं बहुतांश खोदकाम तिच्यावर चालतं.

पीडीसी खडक खरवडते. ठोके तिला सोसत नाहीत. त्यामुळे बेसॉल्टमधल्या आपल्या बोअरला अजून कार्बाईडचंच बटण, त्यात कोबाल्ट साधारण 6 ते 10 टक्के. कोबाल्ट वाढवला तर बटण लवकर झिजतं, कमी केला तर फुटतं. खडक कुठला आहे ते बघून हे प्रमाण ठरवायचं. टंगस्टनचं जगातलं बहुतांश उत्पादन चीनमध्ये होतं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनचं खनिज आहे, पण देशाची गरज भागते ती आयातीवर. झिजलेल्या बटणांचं भंगार किलोवर विकलं जातं, आणि लोखंडाच्या भंगारापेक्षा त्याला कितीतरी चांगला भाव मिळतो.