शिट्टी ऐकू न येणाऱ्या पोरांची पी.टी. आणि मोबाईल : हे सगळं आलं कुठून

पी.टी.चा तास म्हणजे सगळा आवाजाचाच कारभार. सावधान, विश्राम, शिट्टी. खो-खोत पाठीला हात लावून तोंडाने "खो" म्हणावंच लागतं, कबड्डीत दम धरून कबड्डी-कबड्डी. मग कर्णबधिर पोरांना हे शिकवायचं कसं, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या क्रीडाशिक्षकांना आज नव्याने पडलेला नाही, त्याचं मूळ फार मागे आहे.

1880 साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली आणि तिथे ठरलं की या मुलांना बोलून आणि ओठ वाचूनच शिकवायचं, हातांच्या खुणांची भाषा बंद. तेच वळण पुढे कित्येक देशांत गेलं, आपल्याकडच्या शाळांमध्येही बोलायला शिकवण्यावरच भर राहिला. वर्गात ते कसंबसं निभतं हो, पण मैदानावर सर लांब उभे, डोळ्यावर ऊन, पोरगं पळतंय, ते ओठ कधी वाचणार? पुढच्याचं बघून तो नक्कल करतो, पण आपल्याला आउट का दिलं हे त्याला कोणी सांगतच नाही. हे मला फार लागतं. मिलानचे ठराव चुकीचे होते हे त्याच परिषदेने मान्य केलं थेट 2010 मध्ये, व्हँकुव्हरला.

बहिऱ्या खेळाडूंनी मात्र वाट बघितली नाही. 1924 ला पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली, तीच आजची डेफलिंपिक्स. तिथे कानाचं मशीन काढूनच उतरावं लागतं, आणि शर्यत सुटते ती दिव्याच्या इशाऱ्यावर. हरियाणाचे पैलवान वीरेंदर सिंग यांनी 2005 ला मेलबर्नमध्ये तिथलंच सुवर्ण आणलं, आमच्या खान्देशात कुस्तीचं एवढं वेड, तरी त्यांचं नाव किती आखाड्यांत माहीत आहे?

या पोरांना शिकवायची डिजिटल साधनं खरी धरायची तर गेल्या दहा वर्षांतली. 2015 ला दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची, म्हणजे या खुणांच्या भाषेची, राष्ट्रीय संस्था निघाली, 2018 ला 3,000 शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश आला, 2021 पर्यंत तो 10,000 वर गेला, 2022 ला त्याच शब्दकोशावरचं साईन लर्न ॲप आलं. मधे 2017 ला दीक्षा हे सरकारचं ऑनलाईन शिक्षणाचं पोर्टल सुरू झालं, 2020 च्या शैक्षणिक धोरणात ही सांकेतिक भाषा देशभर प्रमाणित करायची असं लिहिलं गेलं, आणि लॉकडाऊनमध्ये तर मोबाईल हाच वर्ग झाला.

पण यातलं बहुतेक साहित्य पुस्तकी विषयांच्या अंगाने विचार करून बनतं. खेळाच्या व्हिडिओत कोपऱ्यात खुणा करणारी बाई आणि मधे उडी मारणारा मुलगा एकाच वेळी दाखवला की पोराने बघायचं कुठे, त्याच्या कानांची आणि डोळ्यांची दोन्ही कामं डोळ्यांनाच करायची असतात. आधी खूण, मग थांबा, मग उडी, तीही स्लो मोशनमध्ये, असं पाहिजे. शिवाय एप्रिलच्या उन्हात मैदानावर स्क्रीनवर काही दिसतच नाही, म्हणून क्लिप व्हरांड्यातच दाखवायची, दोनदा-तीनदा, आणि मगच पोरांना बाहेर सोडायचं.