स्कॉच एल बेल्जियममध्ये कशी रुजली

बेल्जियन आणि स्कॉटिश शैली एकत्र आणणारी स्ट्राँग एल, म्हणजे एल प्रकारची कडक बीअर, आज क्राफ्ट ब्रुअरीचा नवा प्रयोग म्हणून समोर येते. प्रत्यक्षात या दोन शैलींचं नातं शंभर वर्षांचं आहे. ते ठाऊक असलं की ग्लासात नेमकं काय शोधायचं, हेही कळतं.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये एलची ओळख पिंपाच्या किमतीवरून, शिलिंगमध्ये सांगत. जितके शिलिंग जास्त, तितकी बीअर दाट आणि कडक. सर्वांत कडक एल छोट्या बाटलीत मिळे, म्हणून तिला ‘वी हेवी’ हे नाव पडलं: माप छोटं, मामला जड. या बीअरविषयी दोन समजुती अजून टिकून आहेत. पहिली अशी, की स्कॉटलंडमध्ये हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) पिकत नाहीत म्हणून तिथले ब्रुअर ते जेमतेम घालत. हॉप्स पिकत नव्हते हे खरं, पण ते बाहेरून मुबलक येत, आणि जुन्या ब्रुअरींच्या नोंदींत त्यांचं प्रमाण काही कमी दिसत नाही. दुसरी समजूत पीटच्या (जळणासाठी वापरतात त्या दलदलीच्या मातीच्या) धुराची. ती व्हिस्कीकडून आली. जुन्या स्कॉच एलमध्ये धुराचा माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) नसे.

बेल्जियममध्ये ही बीअर व्यापाराच्या वाटेने पोहोचली. जॉन मार्टिन या इंग्रज माणसाने 1909 मध्ये अँटवर्पला ब्रिटिश बीअर आयात करणारी कंपनी काढली. पुढे तिचीच ‘गॉर्डन’ स्कॉच एल बेल्जियममध्ये रुळली. 1919 मध्ये व्हँडरव्हेल्ड कायद्याने कॅफेत ब्रँडी-जिनसारखी दारू विकायला बंदी घातली आणि ती 1983 पर्यंत टिकली. कडक पेयाची ती जागा कडक बीअरने घेतली. 7-8 टक्के अल्कोहोलची गोडसर स्कॉच एल त्या जागी चपखल बसली. थिसल हे स्कॉटलंडचं राष्ट्रीय फूल; त्याच्या आकाराचा ग्लास या एलसाठी बेल्जियमने आपलासा केला.

याच काळात मूर्टगाट ब्रुअरीच्या आल्बर्ट मूर्टगाट यांनी स्कॉटलंडहून यीस्ट आणलं. त्यातून ‘व्हिक्टरी एल’ झाली आणि 1923 मध्ये तिचं नाव ‘डूव्हल’ पडलं. सुरुवातीची डूव्हल गडद होती; आजचा फिकट सोनेरी रंग 1970 चा. बेल्जियमची ओळख मानली जाणारी बीअर मुळात स्कॉटिश यीस्टवर उभी आहे. बेल्जियमच्या आर्डेन भागातल्या आशूफ ब्रुअरीची (स्थापना 1982) ‘मॅकशूफ’ (‘मॅक’ हा स्कॉटिश आडनावांतला) तर हे नातं नावातच मिरवते.

मग दोन शैलींत फरक कशाचा? मुख्यतः यीस्टचा वाण, आंबवण्याचं तापमान आणि साखर यांचा. स्कॉटिश पद्धतीत मॅश (माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण) 68-69 अंश सेल्सिअसवर ठेवतात, म्हणजे न आंबणारी साखर जास्त उरते, आणि यीस्ट 14-16 अंशांवर संथपणे काम करतं. बेल्जियन पद्धतीत मॅश 64-65 अंशांवर, एकूण साखरसाठ्यात 10-15 टक्के कँडी शुगर (जवळपास पूर्ण आंबून जाणारी साखर), आणि आंबवण सुमारे 18-20 अंशांवर सुरू करून हळूहळू 24-26 पर्यंत नेतात. मूळ घनता (आंबवण्याआधीच्या रसाची, पाण्याची 1.000 धरून) 1.080 असेल, तर पहिल्या पद्धतीत ती 1.022 ला थांबून साधारण 7.6 टक्के अल्कोहोल देते. दुसऱ्या पद्धतीत 1.014 पर्यंत उतरून 8.7. मिश्र शैलीचं सगळं कसब या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. माल्टचा भरणा स्कॉटिश आणि यीस्ट बेल्जियन, हीच वाट बहुतेक वेळा जमते. दोन्ही यीस्ट एकदम टाकली, तर लवंगेचा वास देणारं बेल्जियन यीस्ट दुसऱ्याला झाकून टाकतं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पीटचा माल्ट घातला की त्याचं फिनॉल (धुरकट किंवा मसालेदार वास देणारं रसायन) यीस्टच्या लवंगी फिनॉलवर चढतं आणि जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा औषधी वास येतो. हा माल्ट यात घालूच नये. पहिल्या दोन दिवसांतच तापमान 26 च्या वर गेलं, तर जड अल्कोहोल तयार होऊन घसा जळतो. उलट टोकाला, थंड आंबवण संपण्याआधीच यीस्ट काढून घेतलं की लोण्याचा वास मागे राहतो. क्रिस्टल माल्ट (टॉफीसारखी चव देणारा माल्ट) आणि कँडी शुगरचं गडद सिरप दोन्ही सढळ हाताने घातले, तर मनुका, अंजीर, टॉफी सगळं एक होऊन नुसता चिकट गोडवा उरतो.

चव घेताना बाटली 10-12 अंशांवर आणावी आणि 120-150 मिलिलिटर ओतून तळाचा गाळ बाटलीतच ठेवावा. 5 अंशांवर फळांचे वास दबतात आणि माल्ट सपाट लागतो. आधी हुंगावं: केळं, पेअर, लवंग हे यीस्टचं, टॉफी, भाजलेला पाव हे माल्टचं. मग घोट घेऊन शेवटाकडे लक्ष द्यावं, कारण वास फसवू शकतो, शेवट सहसा फसवत नाही. कोरडा आणि किंचित मिरमिरीत शेवट म्हणजे बेल्जियन बाजू वरचढ. जिभेवर गोडी रेंगाळली तर स्कॉटिश. अर्धा ग्लास 15 अंशांपर्यंत तापू द्यावा. तेव्हा अल्कोहोलची ऊब छातीत जाणवली तर बीअर नीट मुरलेली आहे. ती नाकाला झोंबत असेल, तर उरलेल्या बाटल्या सहा महिने अंधारात, 12 अंशांच्या आसपास उभ्या ठेवाव्यात. झोंब नेलपॉलिशसारखी असेल तर मात्र ठेवूनही ती फारशी निवत नाही.