पाच हजार पौंडांचा मुतखड्याचा काढा

१७३९ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंना ५,००० पौंड मंजूर केले. अट अशी होती: मुतखडा विरघळवणाऱ्या औषधाची कृती त्यांनी सगळ्यांसाठी खुली करायची. त्याच वर्षी जूनमध्ये ती 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात छापून आली. अंड्यांची टरफलं आणि गोगलगायी भाजून केलेली पूड, साबण आणि मध घातलेला वनस्पतींचा काढा, शिवाय काही गोळ्या. त्या गोळ्यांतही साबण होताच.

एवढी मोठी रक्कम द्यायला शहाणीसुरती माणसं का तयार झाली, हे समजायचं तर मुतखड्याच्या रोग्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता ते पाहावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे सुरी. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले विल्यम चेसल्डन हे त्या काळातले सर्वांत निष्णात हात. १७२७ पासून ते बाजूने छेद घेऊन, जेमतेम मिनिटभरात मूत्राशयातला खडा काढत. त्यांनी नोंदवलेल्या २१३ रोग्यांपैकी २० दगावले, आणि हा आकडा तेव्हा अतिशय चांगला मानला गेला. भूल देण्याची सोय यायला अजून शंभराहून अधिक वर्षं होती. बांधून ठेवलेल्या माणसाला ते मिनिट किती लांब वाटत असेल! त्यापेक्षा महिनोन्महिने साबण गिळणं पत्करलं, असं कोणालाही वाटावं.

रोगाचं निदान मात्र अगदीच चाचपडत होत नव्हतं. कंबरेतून जांघेकडे उतरणारी कळ, उलट्या, लालसर लघवी, तिच्यातून पडणारी बारीक रेती, एवढ्यावर मूत्रपिंडातला खडा ओळखत. मग अफू, गरम पाण्यात बसवणं, रक्त काढणं आणि खनिज झऱ्यांचं पाणी. खडा मूत्राशयात उतरला असेल, तर वैद्य बाक दिलेली धातूची सळई लघवीच्या मार्गाने आत सरकवत. ती खड्यावर आपटली की हाताला धक्का जाणवे, टक्क असा आवाजही येई. खडा आहे हे त्यातून पक्कं कळे. तो कशाचा आहे, हे मात्र कोणालाच कळत नव्हतं आणि माझ्या मते त्या शतकातल्या उपचारांचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

भाजलेल्या टरफलांचा चुना आणि साबण हे दोन्ही अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ. काही खडे युरिक आम्लाचे असतात. लघवी अल्कधर्मी झाली की ते खरोखर झिजतात, विरघळतात. फॉस्फेटच्या खड्यांचं नेमकं उलट: अल्कधर्मी लघवीत ते वाढतात. कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यावर अल्कलीचा काही परिणाम होत नाही. म्हणजे एकाच काढ्याने एका रोग्याला आराम पडू शकत होता आणि शेजारच्या रोग्याचा खडा मोठा होऊ शकत होता. स्टीफन्सबाईंना भोंदू म्हणून मोकळं होणं मला म्हणूनच पटत नाही. ज्यांच्या आग्रहामुळे हे पैसे मंजूर झाले, ते वैद्य डेव्हिड हार्टली स्वतः मुतखड्याने हैराण होते. त्यांनी हे औषध मनापासून घेतलं, तरी १७५७ साली मरेपर्यंत त्यांचा खडा गेला नाही.

काढा फसला, पण प्रश्न प्रयोगशाळेत पोहोचला. एडिंबरामध्ये रॉबर्ट व्हिट आणि चार्ल्स ऑल्स्टन या दोन प्राध्यापकांचा वाद पेटला: मुतखड्यासाठी चुन्याची निवळी कालवांच्या शिंपल्यांची चांगली, की चुनखडीची? दोघांच्या भांडणात पडायला नको म्हणून त्यांचा तरुण विद्यार्थी जोसेफ ब्लॅक वेगळ्या पदार्थाकडे वळला. पांढऱ्या मॅग्नेशियापासून (आजच्या भाषेत मॅग्नेशियम कार्बोनेटपासून) खडा विरघळवणारं सौम्य औषध मिळेल, अशी त्याला आशा होती. मॅग्नेशिया तापवून त्याने पाहिलं. पाण्यात ते चुन्यासारखं विरघळेना. औषधाच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरलं. पण तापवल्यावर त्याचं वजन बरंच घटलं होतं, आणि ब्लॅकने ती घट सोडून दिली नाही. तराजू हाती धरून त्याने शोध घेतला, तेव्हा मॅग्नेशियात बंदिस्त असलेला एक वायू निघून जातो असं दिसलं. १७५४ चा वैद्यकीय प्रबंध आणि १७५६ चा निबंध यांतून त्याने तो मांडला. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

खड्याचं कोडं अजून तसंच होतं. १७७६ साली स्वीडनमधल्या कार्ल शीले या औषधविक्याने मूत्राशयातल्या खड्यांचं पृथक्करण करून त्यात एक नवीन आम्ल दाखवलं, तेच युरिक आम्ल. त्याच वर्षी लंडनमध्ये मायर्सबाख नावाचा इसम नुसती लघवीची बाटली पाहून रोग सांगत होता, आणि डॉ. लेट्सम त्याची लबाडी छापून उघडी पाडत होते. पुढे १७९७ मध्ये विल्यम वोलस्टन या इंग्रज वैद्यांनी दाखवलं की सगळे खडे एका जातीचे नसतात. फॉस्फेटचे वेगळे, तुतीच्या फळासारखे खडबडीत ऑक्झलेटचे वेगळे.

आजही युरिक आम्लाचा खडा असेल, तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवी अल्कधर्मी करतात. ती किती होऊ द्यायची यावर मात्र लक्ष ठेवतात, कारण अति झाली तर फॉस्फेट साचू लागतं. म्हणूनच पडलेला किंवा काढलेला खडा फेकून न देता तपासायला देतात.